खुशालरावांनी बसून राहावे म्हणून

मी, गोवर्धन सहदेव मेहरे, वय एकोणपन्नास, धंदा 'चिमटा' हे साप्ताहिक चालवणे आणि त्याबद्दल शिव्या खाणे, मूळ राहणार वलगाव, हल्ली मुक्काम अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्या मूत्राशयात खडा झाला आहे. तो काढवून घेण्यास मी येत्या सोमवारी नागपुरास जाणार. डॉक्टर म्हणाले, दहांतले आठ परत येतात. उरलेल्या दोघांनी कागद करून ठेवावा हे बरे.

मजवर कोणाची बळजबरी नाही. नशापाणी केलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. मनाला मात्र धक्का बसला आहे आणि तो तीन महिने झाले तरी उतरलेला नाही. देवीदास वकिलांना विचारले, धक्का बसलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते का? ते म्हणाले, "चालते. धक्का न बसलेले लोक मृत्युपत्र करतच नाहीत."

मागे एक मृत्युपत्र केले होते ते आजपासून रद्द. त्यात माझे राहते घर वाचनालयास द्यावे आणि त्यावर नागपूरच्या कायदेमंडळातले आमचे मेंबर, माझे बालमित्र खुशालराव गावंडे यांनी देखरेख करावी, असे लिहिले होते. का रद्द केले ते पुढे येईल.

कलम पहिले. छापखान्याचे ट्रेडल यंत्र, अक्षरांचे खिळे, केसेस आणि शाईचे डबे आमचे जुळारी जानराव यांस द्यावेत. एकोणीस वर्षे त्यांनी माझे वाईट अक्षर वाचले; याहून मोठी सेवा मला माहीत नाही. अट एकच. कोणाही मेंबराची स्तुती छापायची झाली तर आधी त्याने कोणत्या ठरावाला कोणत्या बाजूने मत दिले ते छापील कागदावर वाचावे, मग खिळ्यांना हात लावावा. ही अट मी स्वतः पाळली नाही. दोन वर्षे मी 'चिमट्या'त छापत आलो की आमचे खुशालराव एक दिवस गैरहजर नाहीत. ते खरे होते. तेच तर वाईट झाले.

कलम दुसरे. वलगावच्या मळ्यातला माझा हिस्सा आणि शेंदूरजनाघाटची संत्र्याची पंधरा झाडे माझी धाकटी बहीण पार्बताबाई हिला. मळा नाल्यापलीकडे आहे. तिकडे आमची वीस-पंचवीस घरे. श्रावण-भाद्रपदात नाला चढला की अमरावतीचा बाजार आम्हांला काशीइतका लांब. वांगी टोपल्यात सडतात ते सोडा. सव्वीस सालच्या श्रावणात पार्बताची सून मनकर्णा बाळंतपणात अडली. बैलगाडीत घालून तिला नाल्यापर्यंत आणली आणि दीड दिवस पाणी उतरायची वाट पाहत बसलो. पाणी उतरले. गाडी मग दवाखान्याकडे न्यावी लागली नाही.

त्याच साली निवडणूक होती. खुशालने मनकर्णाला खांदा दिला होता. चितेपाशीच तो म्हणाला, "गोवर्धन, मी उभा राहतो. पूल घेतो अन् मंगच गप्प बसतो." पत्रक मी लिहिले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पूल. तो भरघोस मतांनी निवडून आला.

कलम तिसरे. माझी पुस्तके जानरावांनी वाटेल त्यास द्यावीत. पण कायदेमंडळाच्या कामकाजाची सरकारी छापाची इंग्रजी पुस्तके, नग चार, यांबद्दल वेगळे लिहितो.

ही पुस्तके गेल्या भाद्रपदात खुशालने स्वतः आणून दिली, तीही रेशमी फडक्यात बांधून. म्हणाला, "माह्या दोन वर्षाच्या कामाचा खास अंक काढ. मले इंग्रजी येत नाही, पण माहं नाव मले ओळखू येते. पाह्य, कितीक ठिकाणी हाय!"

नाव खरेच पुष्कळ ठिकाणी होते. हजेरी पुरी. भाषणे नाहीत, प्रश्न नाही. पण मोजून मत घ्यायची पाळी आली की सभागृहाला दोन दारे असतात. 'होय'वाले एका दाराने जातात, 'नाही'वाले दुसऱ्या. कोण कोणत्या दाराने गेले त्यांची नावे छापतात. दोन वर्षांत अशी त्रेचाळीस मते झाली. त्रेचाळीसही वेळा खुशालराव गावंडे हे नाव अकोल्याचे सरकारपक्षाचे मेंबर भगवंतराव म्हैसने यांच्या नावाबरोबर, एकाच बाजूला.

एकतिसाव्या मतापाशी मी चष्मा पुसला. वलगावच्या नाल्यावर पूल बांधावा अशी सरकारला शिफारस करणारा ठराव. मांडला दुसऱ्याच एका भल्या मेंबराने, कारण आमच्या वाघाला सभागृहात तोंड उघडायची लाज वाटते. होय, एकोणतीस. नाही, तीस. आणि त्या तिसांत खुशालराव गावंडे.

मी तसाच उठून त्याच्याकडे गेलो. तो ओसरीवर सुपारी कातरत होता. झालेले बोलणे जसेच्या तसे लिहून ठेवतो, कारण मी मेल्यावर लोक त्याला लबाड म्हणतील, आणि तो लबाड नाही. लबाड असता तर मला झोप लागली असती.

"खुशाल, पुलाच्या वक्ताले तू 'नाही'च्या दारातून गेला?"

"कोनत्या दारातून?"

"मत मोजाले उठले तवा कुठं गेला होता तू?"

"आमचे व्याही, म्हैसने, गेले तिकडं गेलो."

"काहून?"

"काहून म्हंजे? घंटी वाजली, व्याही उठले. पोरीचा सासरा उभा हाय अन् मी खुर्चीत बसून राहू? दिसते कसं थे?"

"अन् उठल्यावर?"

"उठल्यावर त्यायले येकटं सोडून दुसऱ्या दारानं जाऊ? लोक म्हनतील सोयऱ्यात बिनसलं. त्याचे बोलने माह्या आशीले बसतील. येकदा तं मले लघवी लागली होती गोवर्धन, तरी दाबून धरली अन् गेलो त्यायच्या मांगं."

"त्रेचाळीस वेळा!"

"मी मोजले नाही बा." मग सुपारी खाली ठेवून तो कळवळून म्हणाला, "पूल पडला थे मात्र लई वाईट झालं. येका मतानं पडला म्हने. तीस जन इरोधात गेले. कोन हरामखोर होते, त्यायचं वाटोळं होवो!"

मी पान उघडून बोटाने त्याचे नाव दाखवले. आपले नाव त्याला ओळखू येते.

मग त्याने पागोटे उतरवून मांडीवर घेतले. "मनकर्नाले मी खांदा देल्ला रे," एवढेच म्हणाला.

असो. ही चारही पुस्तके वलगावच्या शाळेत ठेवावीत आणि मागेल त्याला मास्तरांनी मराठीत सांगावीत.

कलम चौथे. माझी वेताची आरामखुर्ची अकोल्याचे श्री. भगवंतराव म्हैसने यांस पोचती करावी. तीत एकदा बसले की माणसाला सहसा उठवत नाही. त्यांच्याबद्दल मजजवळ तक्रार नाही. ते आपल्या पक्षाच्या बाजूने मत देत होते आणि ते त्यांना समजत होते. मागून सावली आल्यास माणूस सावलीला हाकलत नाही.

कलम पाचवे. यात देण्यासारखे काही नाही, कबूल करण्यासारखे आहे. आशाबाई ही खुशालची एकुलती मुलगी. तिची सोयरीक भगवंतरावांच्या घरी मी जुळवली. 'अकोल्याचे मोठे घर, तुझ्या पोरीचे नशीब उघडले' हे शब्द माझे. लग्नात वरमाय रुसली तेव्हा खुशालला हात जोडून वाकायला मीच सांगितले. "पोरीचा बाप हायेस, वाक. वाकल्यानं कोनी मरत नाही." तो वाकला. मग त्याला कोणी सरळ हो म्हणून सांगितले नाही. अख्ख्या वऱ्हाडाला मी चिमटे काढत बसलो, आणि एवढी गोष्ट मला कायदेमंडळाच्या पुस्तकातून कळली.

कलम सहावे, घराबद्दल. तोच ठराव येत्या जानेवारीत पुन्हा येणार आहे. खुशाल म्हणतो, "या डावाले काय करू थे तूच सांग. उठलो तं पूल जाते. बसलो तं पोरगी जाते." म्हणून गेल्या बुधवारी अकोल्यास गेलो. आशा ज्वारी निवडत होती. सासू देवळात गेलेली. मी सगळे सांगितले. सूप बाजूला सारून ती म्हणाली, "काका, पूल माह्यापायी अडला?"

"तुह्यापायी नाही. आमच्यापायी."

"बाबा बसून राह्यले तं सासरे मले ठेवतील का नाही ठेवतील, मले नाही मालूम. मानसं वाईट नाहीत, पन मानाचे हायेत. मले परत धाडलं तं कुठं ठेवसान? बाबाच्या घरी गेले तं थे रोज माह्या तोंडाकडं पाहून मरतील. आधी जागा सांगा. मंग बाबाले बसाले सांगा."

सत्तर मेंबर, चार पुस्तके, 'चिमट्या'चे एकोणीस वर्षांचे अंक, यांत एवढा सरळ प्रश्न मी वाचलेला नाही.

म्हणून माझे अमरावतीचे राहते घर, तीन खोल्या, परसातल्या विहिरीसह, आशाबाई हिला, तिच्या एकटीच्या मालकीचे. नवरा, सासरा, बाप, कोणाचा त्यावर हक्क नाही. ती सासरी सुखाने नांदली तर भाडेकरू ठेवावा. नांदू दिले नाही तर स्वतः राहावे.

हे वाचून देवीदास वकील म्हणाले, "मृत्युपत्राने घर तुम्ही मेल्यावर मिळेल. ठराव जानेवारीत आहे. खडा निघून तुम्ही जगलात तर?" माझ्या जगण्याने काही अडल्याची ही पहिली वेळ नव्हे. तेव्हा गेल्या शुक्रवारी रजिस्ट्री कचेरीत जाऊन त्याच घराचे बक्षीसपत्र आशाबाईच्या नावे नोंदवले आणि तिला कार्डाने कळवले. ते घर आता माझे नाही. परत आलो तर तिचा भाडेकरू म्हणून राहीन आणि गच्ची गळते अशी तक्रार करीन.

कलम सातवे. सहावे कलम लिहून झाल्यावर आज सकाळी आशाचे कार्ड आले. ते तिने बापाला लिहिले आहे, पण पत्ता माझा घातला, कारण बापाकडे गेले असते तर त्याने ते उशीखाली ठेवून दिले असते. शाळेत चार इयत्ता शिकलेले अक्षर आहे. मजकूर एवढाच: "बाबा, काकानं मले घर देल्लं. मी आमच्या यायले सांगून टाकलं, हे काही नाही बोलले. सासऱ्याले तुमी सांगा. घंटी वाजली का बसून राहा."

कार्ड मी खुशालला वाचून दाखवले. त्याने पुन्हा वाचायला लावले. मग विचारले, "येकटाच बसलेला कसा दिसीन मी?"

मी म्हणालो, "होयच्या दारातून जायचं असते, खुशाल. बसून कोनी मोजत नाही."

तो दचकला. "मंग उठाच लागते?"

"उठाच लागते. पन तुह्या पायानं."

तो जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. मी त्या दिवशी नागपुरातच असेन, दवाखान्यात किंवा त्याच्या मागच्या बाजूला. कोणी तरी येऊन मला आकडा सांगावा. मेलो असलो तरी सांगावा.

वरील सर्व मी वाचून, समजून, पाहिजे तिथे खोडून लिहिले आहे. खुशालराव गावंडे यांस साक्षीदार केलेले नाही. आपल्या आधी कोण सही करतो, हे ते अजून पाहतात.

मुक्काम अमरावती, तारीख १२ डिसेंबर १९२८

(सही) गोवर्धन सहदेव मेहरे

साक्षीदार, दोघांनी एकमेकांसमक्ष व लिहून देणाऱ्यासमक्ष सही केली:
१. देवीदास वकील, अमरावती
२. चंद्रभान, शेजारी, फुलांचे दुकान, अमरावती