राणीच्या पोटातून नको

तिरोडा, सोमवार, वैशाख

आज आरतीत मन लागलं नाही. आमची बुलडॉग कुत्री राणी उंबरठ्यावर हनुवटी टेकवून झोपली होती. नाक चपटं, आडवी झाली की श्वास अडकतो. घंटीपेक्षा तिची घरघरच ऐकू येत होती.

दुपारी मुलगा आशिष सांगत होता, नागपूरचा एक माणूस जुन्या काळासारखे बुलडॉग परत तयार करून राहिला. लांब नाकाचे, मोकळा श्वास घेणारे, शांत स्वभावाचे. त्याच्या मोठ्या कुत्र्याशी राणीचा जोड लावायचा. "आई, पिल्लं तरी सुखी राहतील."

"अन् हिचं काय? पिल्लं काढाले पोट फाडावं लागन, अन् भूल सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले ना?"

"मग जात सुधरन कशी?"

"लहानखुऱ्या कालवडीवर आपण मोठा सांड सोडतो काय? बुलडॉगचा नर घे अन् दुसऱ्या जातीची धडधाकट कुत्री पाह म्हण त्याले. राणीच्या पोटातून नको."

"तू काऊन मधात येते?" म्हणून चिडला.

त्याचंही खोटं नाही. कोणाच्या तरी पोटातूनच ती पिल्लं येणार. मग मी फक्त आपलीच वाचवली का? पण राणीची ही घरघर रोज ऐकून तिला आणखी त्रास कसा द्यायचा...

शेवटी आशिषने चिडत चिडत का होईना, त्या माणसाला फोन करून नकार कळवला. तिकडून तो माणूस म्हणाला, "ठीक है, दूसरी बुलडॉग देख लेंगे."

ती दुसरी कोणाच्या घरची असेल? नावही माहीत नाही. तरी परत देवापुढे जाऊन तिच्यासाठी हात जोडले.