चार बंड्या

२ डिसें. १९४०, सोम.
कॉलेजच्या सेवापथकाचा नायक झालो. मी! सभेला उशिरा पोचलो, तोवर बाकी सगळ्यांनी नकार देऊन झालता. संकेश्वरजवळच्या एका खेड्यात विहिरीच्या चिखलवाटेवर दगड घालायचे. रविवारी.
आक्का म्हणाली, "तंबाखूची वखार सोडलीस, नाटक कंपनी सोडलीस. हे तरी शेवटाला नेशील काय रं?"
नेणार.

५ डिसें., गुरु.
आमचे प्रोफेसर धारवाडकडचे. म्हणाले, "चार बंडी पाहिजेत. तुझ्यावर सोपवतो." थंडी लई, पोरांची केवढी काळजी! निघालो, वाटेत कुस्त्या लागल्या. बंड्या उद्या.

६ डिसें., शुक्र.
जमल्या. वर्गातल्या येळ्ळूरच्या बाबूची एक, बिनगुंड्यांची. दोन त्याच्या मेसमधनं. चौथी घरातनं, आप्पांची लोकरी, न विचारता.

८ डिसें., रवि.
दगडांची रास गावाबाहेर, लांब. प्रो. म्हणाले, "बंडी कुठं?" मी ऐटीत गाठोडं सोडलं.
बाबू खालीच बसला. "अरं गाढवा, कानडीत बंडी म्हंजे बैलगाडी!"
पोरं लोळली. प्रो. हसले नाहीत. "दुसरा नायक बघावा काय?" कुणी हात वर केला नाही म्हणून वाचलो.
पळायचा विचार होता. बसस्टँडपर्यंत गेलोही, पण मोटार यायची होती. तिथंच एका जैन शेतकऱ्याचं घर. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गेलो, झालं ते सांगितलं. अण्णा हसून हसून खांबाला टेकले. "अगं ए, भाईर ये, ऐक हे!" परत सांगितलं. मग शेजाऱ्यांसाठी परत.
"एक गाडी न्या. हाकायची मात्र तुमीच."
बैल दोनदा उसात शिरले. निम्मी वाट झाली. विहिरीवरच्या बाया मला बंडीअण्णा म्हणतात. अण्णा म्हणाले, "फुडच्या रविवारी या, आणखी तीन गाड्या काढतो. गोष्ट मात्र तुमीच सांगायची, आमास्नी तशी जमत न्हाय."

१४ डिसें., शनि.
नाटक कंपनीचा निरोप. निपाणीत मुक्काम, द्वारपाल आजारी, उद्याच ये. भाला मिळणार. दोन वाक्यंही आहेत म्हणे.
आक्काला सांगितलं नाही. बाबूला सांगितलं. तो म्हणाला, "जा की. आमी वळखूनच हुतो." हे कशाला बोलला? झोंबलं.
संकेश्वर काय, निपाणी काय, मोटार एकच. संकेश्वर आधी लागतं.
आप्पा सकाळपासनं बंडी हुडकतायत. ती रविवारी गोष्ट सांगताना टांगली, अण्णांच्या खुंटीवरच राहिली. म्हणजे तेवढ्यासाठी तरी उतरावंच…
तिकीट कुठलं काढायचं ते मोटारीपाशी बघू.