सोमाची कुऱ्हाड

शनिवार, ७ एप्रिल १९८४. संध्याकाळ, क्वार्टरवर.

कुऱ्हाड दाराआड उभी आहे. दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. सकाळी मीच ती सोमाच्या हातून काढून घेतली. नॅशनल पार्कात मोहफुलं वेचताना सापडला, म्हणजे हत्यार जप्त, नियमच आहे. टोपली मात्र राहू दिली त्याची. तेवढ्यावर स्वतःला दयाळूही समजलो.

तो म्हणाला, "साहेब, कुऱ्हाड ठेवा, पण नाल्यापावतर संगं चाला. अस्वल फिरून राह्यलं तिकडं."

मला चहाची घाई. म्हटलं, "गाणं म्हणत जा. आवाज आला की अस्वल बाजूला होते."

खोटं नव्हतं ते. आम्ही गार्डही तसंच करतो. पण आम्ही दोघं असतो, हातात काठ्या असतात.

थोड्याच वेळात गावकऱ्यांनी त्याला खाटेवर घालून नाक्यावर आणलं. चेहरा... नको, लिहवत नाही. जीपनं चंद्रपूरला नेला. जगेल म्हणतात, एक डोळा गेला.

कुणी मला बोललं नाही. बोलायला हवं होतं. कुऱ्हाड असती तर वाचला असता? कोण जाणे. नाल्यापर्यंत तरी जायचं होतं मी. ट्यूबची ती पट्टी हाताच्या घामानं गुळगुळीत झाली आहे.

जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बायको बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी चूल पेटवून राह्यली होती. नाल्याकडून त्याइचं गाणं आयकू आलं. म्हटलं, आज मोहफुलं लय भेटले वाटते."