'मी ज्वाला' आणि चुटक्या

३ जून, मंगळवार
आजपासून मी कवयित्री. निर्णय सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, दात घासताना. टायपिंग विभागात एकतीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर टाइप केला, त्यांच्या चुका निस्तरल्या, आणि खाली सही साहेबांची. आता मजकूर माझा, सहीही माझी.
निमित्त सूनबाईचं. टायरच्या दुकानावर जे कॉफीशॉप आहे तिथे एक शनिवार सोडून कवितांचं 'ओपन माइक' असतं म्हणे. कोणीही जावं, उभं राहावं, कविता म्हणावी. कोणीही? म्हणजे दर्जाच्या नावाने बोंबच असणार. त्यांना माझी गरज आहे.

४ जून
कविता तयार. शीर्षक 'मी ज्वाला'. चौदा कडवी. सुरुवात:
मी ज्वाला, मी ज्वालामुखी,
मी जळते अंतर्बाह्य सुखी.
ह्यांना वाचून दाखवली. ह्यांनी विचारलं, जळतेयस तर सुखी कशी? म्हटलं, यमक जुळतं. तर म्हणे, 'दुखी'ही जुळलं असतं की. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाकडून मी अपेक्षा ठेवली, चूक माझीच.

६ जून, दुपारी
नाव नोंदवून आले. संयोजक तिशीचा, डोक्यावर अंबाडा. माझ्या आईचाही इतका नीट बसत नसे. तो म्हणाला, काकू, प्रत्येकाला तीन मिनिटं. घरी येऊन घड्याळ लावलं: अकरा. असो. मर्यादा नवशिक्यांसाठी असतात.
संकल्प: रोज सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, कविता तोंडपाठ.

९ जून
गुळण्या राहिल्या. मीठ संपलंय. पाठांतर दोन कडव्यांपर्यंत. बाकीचं कागद बघून. बघून म्हटल्याने भारदस्तपणा येतो.

११ जून
हे कोणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये पाचवीत असताना भर हॉलमध्ये कविता म्हणायला उभी राहिले. तिसऱ्या ओळीला मोठ्या सिस्टरनी चुटकी वाजवली. आमच्याकडे एक चुटकी म्हणजे बसा, दोन म्हणजे उभ्या राहा. मुलींवर शब्द खर्च करायची पद्धत नव्हती. मी बसले. त्यानंतर आजतागायत चार माणसांसमोर एकही कविता शेवटपर्यंत म्हटलेली नाही. शनिवारी म्हणणार. शेवटच्या ओळीपर्यंत. मग जग इकडचं तिकडे झालं तरी चालेल.

१४ जून, शनिवार, संध्याकाळी साडेसात
अपमान. पेनचं टोक कागदातून आरपार जातंय. घाबरून नव्हे, संतापाने.
चष्मा घरी राहिला. ह्यांनी स्वतःचा आठवणीने आणला, माझा नाही. माइकसमोर कागद धरला तर नुसतं धुकं. पाठ केलेली दोन कडवीही पळाली, त्याला तिथली भिकार कॉफी जबाबदार. समोर चाळीस पोरं. काही खुलासा करणं भाग होतं, म्हणून केला: "चष्मा घरी राहिला. नवरा मात्र आला."
हसले. यात हसण्यासारखं काय आहे? मी पुढे म्हटलं, "एकतीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप केलं. आज पहिल्यांदा स्वतःचं आणलं, तर दिसत नाही."
आणि चुटक्या! एक नाही, दोन नाही, चारही बाजूंनी. माझे गुडघे आपोआप वाकले. पाठीमागे खुर्ची नव्हती, स्पीकर होता. त्यावर बसले. अंबाडा हात जोडून धावत आला, तेव्हा कुठे उठून खाली उतरले.
त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा तेच.

१५ जून
तक्रारअर्ज टाइप केला. चार पानं, नऊ मुद्दे. मुद्दा क्र. ३: ज्येष्ठ महिलेस चुटक्या वाजवून खाली बसवणे ही कोणती संस्कृती?
सूनबाईला एकदा नजर टाकायला दिला. ती दुसऱ्या पानावर हसू लागली, तिसऱ्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, अहो आई, तिथे चुटकी म्हणजे दाद! टाळ्यांनी कविता तुटते, म्हणून आवडलेल्या ओळीला चुटक्या वाजवतात.
मुलाला फोन करून खात्री केली. खरं आहे.
ह्यांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? तर म्हणाले, मलाही वाटलं तुला बसवतायत, मी मनात म्हटलं, काय धाडसी लोक आहेत!

१६ जून
अर्ज फाडला. विचार केल्यावर लक्षात येतं, तरुण पिढी रसिक आहे.
अंबाड्याचा फोन. म्हणे, काकू, ते चष्म्याचं भन्नाट होतं, अठ्ठावीसला तेच थोडं वाढवून करा ना. त्याला बजावलं की ती सूचना होती, कविता नव्हे. सूनबाईही तेच टुमणं लावून बसली आहे. आई, तुम्ही बोलता तसंच बोला. मी बोलते तसं बोलायला घर आहे, त्यासाठी माइक कशाला?
साधा हिशेब आहे. तयारी नसताना दोन वाक्यांना एवढ्या चुटक्या, तर 'मी ज्वाला'ला छप्पर उडेल. दोन कडवी वाढवली. आता सोळा.

२४ जून
आरशासमोर सराव. प्रत्येक कडव्यानंतर चुटक्यांसाठी जागा सोडायची, नजर खाली, चेहऱ्यावर विनय. विनय जमायला तीन दिवस लागले.
गुळण्या उद्यापासून.

२६ जून
बाथरूममधून चमत्कारिक घासल्यासारखा आवाज. दार ढकललं तर हे बेसिनपाशी चुटकी वाजवायचा सराव करत उभे. संधिवाताने बोटं आखडलेली, चुटकी वाजणार कुठून? म्हटलं, सोडा, तिथे वाजवणारे पुष्कळ आहेत.

२८ जून, शनिवार, संध्याकाळी
दोन चष्मे नेले. एक नाकावर, एक गळ्यात.
पहिलं कडवं. थांबले. नजर खाली, विनय. पंख्याचा आवाज.
दुसरं. थांबले. कोणाचा तरी चमचा पडला.
तीन मिनिटांनी अंबाड्याने घंटी वाजवली. मी चष्म्यावरून बघितलं. त्याने घंटी खिशात घातली.
सातव्या कडव्याला मागची तिघं खाली गेली. टायर बघायला गेली असावीत. नंतर थांबणं बंद केलं. एक पोरगी सारखी माझ्या गळ्यातल्या चष्म्याकडे बघत होती, आता काहीतरी गंमत होईल अशा आशेने. झाली नाही.
सोळावं कडवं म्हटलं. शेवटची ओळ म्हटली. कोणीही मधे थांबवलं नाही.
कागदाची घडी घातली. तेवढ्यात पहिल्या रांगेत ह्यांचा हात वर गेला. अंगठा मधल्या बोटावर घासत होते, पुन्हा पुन्हा, ओठ दाबून.
आवाज आला नाही. तरी मी बसले.