गोठ्यातलं सरकारी भात

तीर्थरूप राझाकादादांना मामिसोआचा लवून नमस्कार.

यंदा मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: कोंबड्यांचं एक खुराडं (दुमजली), ओळी आखायचं दाताळं, गाठी मारलेली मोजदोरी (भिजल्यावर किती आटते ते धरून), आणि भाताच्या ओळींतून ढकलायचं कोळपं. असं कोळपं सबंध मादागास्करात दुसरं नाही. हे सगळं कुणी शिकवलं नाही, हे तुम्ही जाणताच.

मानाकारा बंदराच्या दमट हवेनं तुमचे गुडघे पुन्हा धरले नसावेत. इकडे सगळे खुशाल. तुमची बहीण लालाऊही खुशाल आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण सरकार.

सरकारची नवी योजना आली आहे: कोवळी रोपं, एका जागी एकाच काडीचा चूड, ऐसपैस अंतर, आणि खाचर तुडुंब न भरता पाणी बेतानं. मी हे तीन वर्षं करतोच आहे (तेव्हा झाफीआजोबांनी चारचौघांत विचारलं होतं, की मी लावणी करतोय की रोपांना एकांत देतोय). ज्या गावचं प्रात्यक्षिक पास होईल, त्या गावच्या कालव्याचं दार सरकार बांधून देणार. आपलं दार वादळात वाहून गेल्यापासून खालच्या खाचरांना थेंब पोचत नाही. आणखी एक वर्ष असंच गेलं तर तिथे भाताऐवजी कसावा लावावा लागेल. म्हणून गावानं प्रथमच एकमतानं माझं नाव पुढे केलं.

योजनेच्या क्लारिसबाई यायच्या ठरल्या, त्या नेमक्या गुरुवारी. गुरुवारी खाचरात पाऊल टाकायचं नाही, हे आपल्या खोऱ्यातल्या बदकांनाही ठाऊक आहे. राजधानीला ठाऊक नाही. वार बदलायला निरोप धाडला, तर उत्तर आलं की महिन्याच्या कार्यक्रमावर शिक्का बसला आहे. गाव डोक्याला हात लावून बसलं. मी मात्र विचार केला, की आपण खाचरात जायचं नाही, पण खाचरानं आपल्याकडे यायला काय हरकत? बुधवारी मी तुमचे माझ्याकडे ठेवलेले बैल, मेना आणि फुत्सी, गोठ्यातून काढून एका रात्रीपुरते स्वयंपाकघरात बांधले, गोठ्यात पाणी सोडून चिखल केला, माझ्या खाचरातले वाढते चूड मातीच्या गड्ड्यासकट आणून दोरीनं ओळीत लावले, आणि मधल्या जागेत तण लावलं. (हसू नका. तण नसेल तर कोळपं काय काढणार? तणही मी सारख्या अंतरावर लावलं.) झाफीआजोबांनी काठीनं चिखल ढोसून निवाडा दिला, "खाचराला वार असतो. गोठ्याला नसतो."

कोळपं लोण्यातून जावं तसं गेलं. बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी योजनेची पाटी तिथेच रोवली. मी प्रामाणिक माणूस. म्हटलं, "बाई, हा गोठा आहे. माझं खाचर पलीकडे आहे. उद्या दाखवतो."

बाई म्हणाल्या, "मामिसोआ, पाटी रोवली ते खाचर. उद्या दुसऱ्या गावचा शिक्का आहे. इथलं पीक कापून मोजलं की तुमचं दार मंजूर."

म्हणजे कापणीपर्यंत गोठा हे सरकारी खाचर, आणि बैल स्वयंपाकघरात. परवा फुत्सीनं भाताचं पातेलं पुसून खाल्लं, तळाच्या खरपुडीसकट. पीक मात्र असं आलंय, की एकेका काडीला साठ-साठ फुटवे. येणारच, खाली तुमच्या बैलांचं सहा वर्षांचं शेण आहे. बाईंच्या मदतनिसानं त्यावरून हेक्टरी उत्पन्न काढलं, आणि पुढच्या साली सगळ्या तालुक्यानं तेवढं पिकवावं असं ठरतंय. तालुका आता मला रस्त्यात ओळख देत नाही.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मामिसोआ

ता. क. लालाऊला दोन ओळी लिहा, की बैल चुलीपाशी ठेवायची कल्पना तुमचीच. ती तुमचा शब्द मोडत नाही. तेवढं झालं तर कापणीपर्यंत निभेल, आणि गावाला दार मिळेल.

पुन्हा ता. क. तुमच्या बैलांना मी कसं जपतो ते कळावं म्हणून लिहितो. अंबुसित्राच्या बाजारातला व्यापारी घरी आला होता. चुलीच्या उबेला बैल छान भरलेत म्हणाला. जोडीला बेचाळीस लाख आरिआरी बोलला. विकू का, म्हणून मी तुमचा निरोप मागवणारच होतो. सहज विचारलं, सोबत कोळपं दिलं तर? तो कोळप्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, मग चाळीस. मी साफ नकार दिला: चाळीसलाही, बेचाळीस लाखांनाही.