जहाज वर येतं तेव्हा

प्रिय ताई,

परत तेच! मला म्हणे राजकारणातलं काही कळत नाही. असेन सातवी नापास, पण तुझ्या त्या दोन्ही उमेदवारांच्या गाड्यांत जाणारं तेल आधी माझ्या हातून मोजलं जातं, हे विसरू नकोस.

तू पाठवलेली दोघांची पत्रकं खिशात घालून बंदरातल्या तेलाच्या टाकीवर चढलो. वर झाकणातून डोकावलं की तेल नेहमी काठाशी आल्यासारखंच वाटतं, नुसतं काळं आणि चकचकीत. म्हणून वजन बांधलेली टेप तळापर्यंत सोडायची, वर ओढायची आणि ती कुठवर ओली झाली ते वाचायचं. पत्रकांनाही मी तशीच टेप लावली. विहीरवाले काका म्हणतात, आपल्याच समुद्रात तेलाच्या विहिरी खणू, बाहेरचं तेल बंद, घराजवळ नोकऱ्या. कधी? ते छापलेलंच नाही. आमचा म्हातारा मुकादम हसला, म्हणाला, तेल लागलंच तर दहा वर्षांनी. बॅटरीवाल्या बाई म्हणतात, तेल जाळूच नका; जुन्या गाड्यांना बॅटरी बसवा, निम्मा खर्च सरकारचा. तारीख आहे, आकडा आहे. एवढी वीज कुठून आणणार, ते मात्र गुलदस्त्यात. तीही टाकी अर्धीच, पण टेप ओली तरी होते.

धक्क्याला लागलेल्या जहाजातलं तेल टाकीत उतरायला लागलं ना, की जहाज हळूहळू वर येतं. बुडालेलं लाल पोट दिसायला लागतं, त्याला चिकटलेले शिंपले दिसतात. आवाज म्हणून नाही. बघता बघता वाटतं, हे असंच वर वर जाईल, पाणी सोडेल, आपल्या गच्चीवरून तरंगत जाईल, आणि तू शाळेची व्हॅन पुसण्यात एवढी गुंग असशील की मान वर करून बघणारही नाहीस.

तू काकांना मत देणार ते माझ्यासाठी, एवढं कळतं मला. विहीर झाली की धाकटा घराजवळ नोकरीला येईल. बाई आल्या तर जहाजं कमी होतील आणि माझी टेप कायमची गुंडाळली जाईल, ही तुझी धास्ती. अगं, आधी डिझेल भरून तुझ्या हातात काय उरतं ते बघ.

खरं सांगू? बाबांची ही शाळेची व्हॅन चालवणार नाही म्हणून दार आपटून निघालो, परत तोंड दाखवणार नाही म्हणालो. आता आपणहून यायला लाज वाटते. इथली नोकरी गेली तर निमित्त तरी मिळेल. म्हणून मत बाईंनाच दे. सरकार निम्मे देईल तेव्हा देईल, व्हॅनच्या बॅटरीचे आपले निम्मे मी आजच पाठवतोय: अठ्ठावन्न हजार.

तुझाच,
अजून रुसलेला धाकटा