भवानी पेठेतील आडाकाठचा तेलाचा गोळा हलविणेबाबत

प्रति,
मा. सफाई अधिकारी साहेब,
शहर सफाई कचेरी, सोलापूर.

अर्जदार: कस्तुराबाई धुळाप्पा वाघमोडे, धंदा मागासाठी सुताच्या कांड्या भरणे, राहणार भवानी पेठ.

विषय: घट्ट केलेले तेल पुन्हा पातळ होण्याआधी उचलून नेणेबाबत.

संदर्भ: आपले मुकादम रुद्रप्पा यांचे तोंडी उत्तर, "असू द्या की मावशी, कुजंल आपोआप."

महोदय,

सविनय अर्ज करते की, संक्रांतीनंतर आमच्या बोळात रंगाच्या कारखान्याकडे निघालेली बैलगाडी कलंडली आणि भट्टीत जाळायच्या काळ्या तेलाचे पिंप फुटले. बोळाला उतार आहे व उताराच्या शेवटी आमचा आड. नळाला पाणी येते, पण पाहुण्यासारखे, चहापुरते थांबते. पिणे-रांधणे सगळे आडावर. गाडीवान बैलांची समजूत घालत राहिला, म्हणून बायका धावल्या.

रंग सांडला की आम्ही त्यावर सुताला ताठपणा आणणारी खळ ओततो, तशी तेलावर ओतली. तेल तिला बगल देऊन पुढे निघाले. तेव्हा माझी शेजारीण सावित्रम्मा, जिच्या हातची खळ पेठेत नावाजलेली आहे, ओरडली, "कस्तुरा, बघत काय ऱ्हायलीस? मागाखालचा कापूस आण!" पोती भरभरून कापसाचा भुरा टाकला. तो तेल प्याला. मग खळीत घालायचे मेण तिने आपल्या चुलीवर पातळ करून आणले आणि त्या लगद्यात कालवले. गार होताच सगळे खरवसासारखे धरले. खोऱ्याने ओढून आम्ही त्याचा गोळा केला. आडात थेंब गेला नाही.

आता मुकादमांच्या उत्तराविषयी. खळ बुरसू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, व सावित्रम्माच्या हाताला ती सवय जन्माची. मेणाबरोबर मोरचूदही पडला. त्यामुळे गोळा कुजत नाही, बुरसत नाही, मुंगीसुद्धा त्याला वळसा घालून जाते. साहेब, तो आपल्या-माझ्या मागेही राहील.

पाणीखात्याकडे गेले. ते म्हणाले, घट्ट वस्तू आमच्याकडे येत नाही. आपल्या कचेरीतले कारकून म्हणाले, हे तेल आहे, कचरा नव्हे. कारखान्याचे मालक म्हणाले, सांडले ते माझे राहिले नाही. बंबवाल्यांनी मात्र आपुलकीने विचारले, "मावशी, पेटलंय का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग पेटल्यावर या." होळी जवळ आल्याने ही अट पुरी करण्याचा विचार गल्लीतल्या पोरांनी चालवला आहे. त्यांना मी तूर्त दमात घेतले आहे.

खरी भीती उन्हाची. सोलापूरचे ऊन आपणास मी काय सांगावे. दुपारी गोळ्याला घाम फुटू लागला आहे. चैत्रात मेण सुटेल, तेल सुटेल, आणि यावेळी मोरचुदाचे विष बरोबर घेऊन आडाकडे निघेल. म्हणून आम्ही त्यावर ओली पोती टाकतो. म्हणजे आडाचे पाणी वाचवण्यासाठी आडाचेच पाणी उपसतो. सावित्रम्माला वाटते, मोरचूद आपल्या हातून पडला, तेव्हा राखण आपली. ती गोळ्यावर छत्री धरते व स्वतः उन्हात बसते. "अगं, छत्री तरी आपल्यावर घे," म्हटले तर म्हणते, "मी कुटं वितळतीय?" साहेब, साठी उलटलेली बाई आहे. वितळते.

तरी नम्र विनंती की, गाडी पाठवून गोळा उचलून न्यावा. गाडी मोकळी नसल्यास आम्ही बायका तो हातगाडीवर घालून स्वतः आणून देऊ. ठेवण्यास जागा मी पाहून ठेवली आहे. आपल्या कचेरीच्या व्हरांड्यात आपल्या खुर्चीमागे दिवसभर गार सावली असते, आणि तिथे कोणाची फारशी वर्दळ नाही. गोळा तिथे वर्षानुवर्षे घट्ट राहील. येत्या सोमवारपर्यंत उत्तर न आल्यास आपली मंजुरी आहे असे समजून निघू. सावित्रम्माही येईल. तिच्यासाठी सावलीतच एक बाकडे टाकून ठेवावे.

अर्ज माझ्या हाताने लिहिला आहे. शाळेत गेलेले नाही. अक्षर वाकडे असेल, मजकूर सरळ आहे.

आपल्या गाडीची वाट पाहणारी,
कस्तुराबाई धुळाप्पा वाघमोडे
सोलापूर, ता. २ मार्च १९७४

सोबत: गोळ्याचा एक तुकडा, केळीच्या पानात बांधून. खिडकीशी ठेवू नये.